चाळिशीतला लेगस्पिनर कसा जोखावा?

७ मे २०१३ रोजी जयपूरच्या मैदानावर राजस्थान रॉयल्सने दिल्ली डेअरडेव्हिल्सविरुद्ध एका नवख्या लेगस्पिनरला संघात घेतलं. आयपीएलमध्ये दर मोसमात नवी नावं येतात आणि बहुतेक पुढच्या मोसमापर्यंत विसरलीही जातात. या नावाची मात्र लगेच चर्चा झाली, कारण प्रवीण तांबेने तेव्हा वयाची एक्केचाळीस वर्षं पूर्ण केली होती आणि तोवर तो एकही प्रथम श्रेणी सामना खेळला नव्हता. मुंबईच्या मैदानांवरचं क्लब क्रिकेट, कांगा लीग, कचेऱ्यांच्या संघांमधल्या स्पर्धा एवढीच त्याची शिदोरी. मुळात तो मध्यमगती गोलंदाज. ओरिएंट शिपिंगच्या संघाकडून खेळताना कर्णधाराने त्याला लेगस्पिन टाकून बघायला सांगितलं आणि तिथून त्याची वाट बदलली.

त्या आयपीएलमध्ये त्याला तीनच सामने मिळाले. पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये त्याने पाच सामन्यांत १२ बळी घेतले, तेही षटकामागे चारच्या आसपास धावा देऊन. स्पर्धेतला सर्वाधिक बळी घेणारा गोलंदाज तोच ठरला. ६ ऑक्टोबरला दिल्लीत अंतिम सामना झाला आणि दोनच दिवसांनी तांबे बेचाळीस वर्षांचा झाला.

ही गोष्ट आपल्याकडे जिद्दीची कथा म्हणून सांगितली जाते. त्यावर श्रेयस तळपदेची भूमिका असलेला चित्रपटही २०२२ मध्ये आला. जिद्द होतीच, त्याबद्दल वाद नाही. पण इथे मला वेगळा प्रश्न घ्यायचा आहे. उद्या एखाद्या संघापुढे असा गोलंदाज उभा राहिला, म्हणजे पस्तिशी ओलांडलेला, मोठ्या सामन्यांचा अनुभव नसलेला, पण लेगस्पिन टाकणारा, तर वीस षटकांच्या खेळात त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची? ते कशावरून ठरवायचं? निवड समितीच्या बैठकीत पहिला प्रश्न वयाचा निघतो, आणि बहुतेकदा चर्चा तिथेच संपते. माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर यायला हवा.

त्याचं कारण या कलेतच आहे. ऑफस्पिनर किंवा डावखुरा फिरकी गोलंदाज बोटांनी चेंडू फिरवतो. लेगस्पिनर तो मनगटातून सोडतो. मनगट आतून बाहेर उलगडतं, तिसरं बोट शिवणीला शेवटचा जोर देतं आणि चेंडू हाताच्या कडेवरून निघतो. सुटण्याच्या क्षणी मनगटाचा कोन किंचित चुकला तरी चेंडू फुलटॉस तरी पडतो नाहीतर आखूड. बोटांच्या फिरकीत तेवढी चूक खपून जाते, इथे तिचा चौकार होतो. म्हणून हातात खात्रीचा टप्पा यायला लेगस्पिनरला वर्षं लागतात. आणि नेमकी त्याच वर्षांत आपली निवडव्यवस्था चाळणी लावते. सोळा वर्षांखालचा संघ, एकोणीस वर्षांखालचा संघ, मग राज्याचा संघ. प्रत्येक पायरीवर कर्णधाराला आजचा सामना जिंकायचा असतो. लेगस्पिनरने पहिल्या षटकात दोन चौकार दिले की चेंडू त्याच्या हातून जातो. बरेच जण या टप्प्यावर फलंदाज होतात किंवा खेळ सोडतात. जे टिकतात ते उशिरा पिकतात.

याचा पुरावा नवा नाही. न्यूझीलंडमध्ये जन्मलेला क्लॅरी ग्रिमेट ऑस्ट्रेलियाकडून १९२५ मध्ये पहिली कसोटी खेळला, तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. त्या एका कसोटीत त्याने ११ बळी घेतले आणि पुढे ३७ कसोटींत २१६. कसोटीत २०० बळींचा टप्पा गाठणारा तो पहिला गोलंदाज. त्याला विशीत संधी मिळाली असती तर आकडा कुठे गेला असता, याचा हिशेब करण्याचा मोह होतो. मला मात्र वाटतं की विशीतला ग्रिमेट हा तो ग्रिमेट नसता.

तेव्हा अशा गोलंदाजाची दोन वयं मोजावी लागतात. एक जन्माचं आणि दुसरं त्याच्या लेगस्पिनचं. तांबेचा खांदा एक्केचाळीस वर्षांचा होता, पण त्याच्या लेगस्पिनला त्या मानाने बरीच कमी वर्षं झाली होती. ती कला अजून चढत्या बाजूला होती. विशीपासून लेगस्पिनच टाकत आलेला आणि चाळिशीत उतरणीला लागलेला गोलंदाज यापेक्षा अगदी वेगळा. दोघांच्या नावापुढे सारखंच वय लिहिलेलं असलं तरी एकाला संधी द्यावी आणि दुसऱ्याला निरोप.

आता खेळाच्या स्वरूपाकडे येऊ. वीस षटकांचा खेळ सुरू झाला तेव्हा फिरकी गोलंदाजांचं आता काही खरं नाही असं बोललं गेलं होतं. उलटच घडलं आणि सगळ्यांत जास्त भाव मनगटी फिरकीला आला. कसोटीत फलंदाज लेगस्पिनरचा चांगला चेंडू सोडून देऊ शकतो, वाईट चेंडूची वाट बघू शकतो. १२० चेंडूंच्या डावात ती चैन नाही. त्याला फटका मारायलाच लागतो, आणि चेंडू कुठे वळणार हे कळायच्या आत निर्णय घ्यावा लागतो. लेगब्रेक आणि गुगली साधारण एकाच हालचालीतून येतात, वळतात मात्र विरुद्ध दिशांना. फलंदाजाची घाई ही इथे लेगस्पिनरची मिळकत आहे.

इम्रान ताहिरची कारकीर्द याचं स्पष्ट उदाहरण आहे. लाहोरमध्ये जन्मलेला, पाकिस्तानच्या युवा संघातून खेळलेला ताहिर दक्षिण आफ्रिकेकडून पहिला एकदिवसीय सामना खेळला तो २०११ च्या विश्वचषकात, दिल्लीत, वेस्ट इंडीजविरुद्ध. वय जवळजवळ बत्तीस. पहिल्याच सामन्यात ४१ धावांत ४ बळी. कसोटीत मात्र त्याची दुर्दशा झाली. २०१२ मध्ये अॅडलेडला दोन डावांत मिळून त्याने २६० धावा दिल्या आणि एकही बळी मिळाला नाही. वीस कसोटींनंतर त्याची सरासरी चाळिशीच्या वर होती. हाच गोलंदाज एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी अशा दोन्ही क्रमवारींत पहिल्या स्थानावर पोचला, आणि २०१९ च्या आयपीएलमध्ये, चाळिसाव्या वर्षी, चेन्नईकडून २६ बळी घेऊन पर्पल कॅप त्यानेच मिळवली. कसोटीतल्या अपयशावरून त्याचं छोट्या सामन्यांतलं भवितव्य ठरवलं असतं तर निर्णय साफ चुकला असता. ऑस्ट्रेलियाचा ब्राइस मॅकगेन हे दुसरं टोक. बँकेच्या संगणक विभागात नोकरी करणारा हा लेगस्पिनर २००९ मध्ये, सदतिसाव्या वाढदिवसाला आठवडा उरला असताना केपटाउनला कसोटी खेळला. १८ षटकांत १४९ धावा, बळी शून्य. पुन्हा त्याला कसोटी मिळाली नाही. दक्षिण आफ्रिकेच्या फलंदाजांनी त्याला ठरवून झोडपलं होतं. त्या १८ षटकांत तो कुठे लपू शकला नाही. छोट्या सामन्यात कर्णधार आपल्या लेगस्पिनरला षटकं निवडून देऊ शकतो.

मग जोखायचं कशावरून? बळी आणि धावांच्या तक्त्यावरून तर अजिबात नको, आणि हे जरा विस्ताराने सांगायला हवं. आयपीएलच्या साखळीत १४ सामने. गोलंदाजाने प्रत्येक सामन्यात चारही षटकं टाकली तरी मोसमात ५६ षटकं होतात. समजा त्याने ४२० धावा दिल्या, तर षटकामागे साडेसात. आता सीमारेषेवर थोडक्यात पलीकडे गेलेले सहा फटके मनातल्या मनात झेल धरा. ३६ धावा कमी, म्हणजे षटकामागे सातहूनही कमी! तसंच १५ बळींची सरासरी २८ येते. मोसमात पाच झेल सुटले नसते तर २० बळी आणि सरासरी २१ झाली असती. एका गोलंदाजाला आपण ‘बरा’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘सामना जिंकून देणारा’, त्यामधलं अंतर इतकंच असू शकतं, आणि ते बऱ्याच अंशी दुसऱ्यांच्या हातात असतं. स्थानिक स्पर्धेतल्या सहा-सात सामन्यांचे आकडे तर आणखी फसवे.

त्यापेक्षा नेटमध्ये उभं राहून चेंडू बघावा. पहिल्यांदा टप्पा. लेगस्पिनरचा सर्वांत सुंदर चेंडू बघून भुलू नये, तो सगळ्यांकडे असतो. षटकार खाल्ल्यानंतरचा चेंडू कुठे पडतो ते बघावं. तो आखूड पडला तर समजावं की हाताला भीती कळली आहे. तो पुन्हा त्याच टप्प्यावर, कदाचित थोडा हळू पडला, तर हा माणूस मोठ्या मैदानावर उभा राहू शकतो. उशिरा आलेल्या गोलंदाजाचं खरं भांडवल इथे असतं. क्लबच्या उघड्या मैदानांवर त्याने वर्षानुवर्षं फटके खाल्लेले असतात, आणि चुकलेला चेंडू विसरायची सवय त्याला विशीतल्या मुलापेक्षा जास्त असते.

दुसरी गोष्ट चेंडूचं हवेतून उतरणं. प्रेक्षकांना वळण दिसतं, फलंदाजाला जास्त त्रास देतं ते उतरणं. चेंडू पुढच्या दिशेने गिरक्या घेत आला की त्याभोवतीच्या हवेचा दाब त्याला खाली ढकलतो. शास्त्रात याला मॅग्नस परिणाम म्हणतात. डोळ्यांनी अंदाज बांधलेला असतो त्याहून तो आधी जमिनीला लागतो, फलंदाजाचा फटका बॅटच्या खालच्या भागावर किंवा कडेवर बसतो आणि झेल लाँग ऑनच्या हातात जातो. आजच्या बॅटने हुकलेल्या फटक्यालाही षटकार मिळतो अशी तक्रार असते, ती पुष्कळशी खरी आहे. पण चांगला उतरलेला चेंडू त्या बॅटलाही दाद देत नाही. म्हणून नुसता बाजूला खूप वळवणारा आणि हवेत सरळ तरंगत येणारा लेगस्पिनर टी-ट्वेंटीत फार टिकत नाही.

वरुण चक्रवर्तीने हे स्वतःवर करून दाखवलं. वास्तुविशारदाचं काम सोडून तो क्रिकेटकडे वळला. २०२१ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात तीन सामन्यांत त्याला एकही बळी मिळाला नाही आणि तो संघाबाहेर गेला. त्या काळात त्याने चेंडूवरच्या गिरक्यांची दिशाच बदलली, बाजूच्या गिरक्या कमी करून पुढच्या गिरक्या वाढवल्या. हे त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तो भारतीय संघात परतला, पुढच्या महिन्यात दक्षिण आफ्रिकेत १७ धावांत ५ बळी घेतले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, एकदिवसीय पदार्पण करून लगेच चॅम्पियन्स करंडक विजेत्या संघाचा महत्त्वाचा गोलंदाज ठरला.

वळण नसलं तरी काय करता येतं हे बघायचं असेल तर सॅम्युअल बद्री. त्रिनिदादमधला हा शारीरिक शिक्षणाचा शिक्षक वेस्ट इंडीजकडून २०१२ मध्ये, एकतिसाव्या वर्षी पहिल्यांदा खेळला. कसोटी नाही, एकदिवसीय नाही, फक्त टी-ट्वेंटी. तो चेंडू फारसा वळवत नसे. यष्ट्यांच्या रोखाने, जरा सपाट, अचूक टाके. आणि कर्णधार त्याला पॉवरप्लेमध्ये आणत असे, जिथे वर्तुळाबाहेर फक्त दोन क्षेत्ररक्षक असतात आणि बाकीचे फिरकी गोलंदाज लपवले जातात. टी-ट्वेंटी क्रमवारीत तो पहिल्या स्थानावर पोचला. ३ एप्रिल २०१६ रोजी ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पहिलं षटक त्यानेच टाकलं, दुसऱ्या चेंडूवर जेसन रॉयचा त्रिफळा उडवला आणि चार षटकांत १६ धावा देऊन दोन बळी घेतले. त्याच्याकडे काय नाही याची यादी कुणी केली असती तर लांबलचक झाली असती. त्याच्याकडे जे होतं त्याचा उपयोग कुठल्या षटकांत होईल हे वेस्ट इंडीजने ओळखलं.

गुगलीबद्दल थोडं. उशिरा शिकलेल्याची गुगली बऱ्याचदा ओळखू येते. खांदा आधी खाली जातो, चेंडू थोडा उंच सुटतो. क्लबच्या फलंदाजाला ते दिसत नाही, आयपीएलच्या संघाचा चित्रफीत विश्लेषक मात्र दुसऱ्या सामन्यापर्यंत ते दाखवून देतो. तेव्हा गुगली आहे का, हे विचारून भागत नाही. ती कमी वेगाच्या चित्रफितीतही कितपत लपते ते पाहावं लागतं. डावखुऱ्या फलंदाजांविरुद्धही तीच मुख्य हत्यार असते, कारण लेगब्रेक त्यांच्या पट्ट्यात वळत येतो. रात्रीच्या सामन्यात दव पडलं की ओला चेंडू मनगटातून निसटतो, म्हणून चेंडू पाण्यात बुडवून सराव करून घ्यायला हवा, आणि निवडही त्याच चेंडूवर व्हायला हवी. क्षेत्ररक्षण आणि फलंदाजीचं म्हणाल तर २०२३ पासून आयपीएलमध्ये इम्पॅक्ट खेळाडूचा नियम आल्यामुळे शेवटच्या क्रमांकावरच्या निव्वळ गोलंदाजाचं ओझं बरंच हलकं झालं आहे.

वयाचा प्रश्न आता येतो आणि तो कठोर आहे. पहिल्या यशानंतर प्रत्येक गूढ गोलंदाजाचा अभ्यास होतो. तरुण गोलंदाज दोन वर्षं बाहेर बसून नव्याने घडू शकतो, वरुणला तसा वेळ मिळाला. चाळिशीतल्या गोलंदाजाला तो मिळत नाही. तांबेचा सर्वांत मोठा मोसम २०१४ चा, त्यात १५ बळी. ३३ सामन्यांच्या सगळ्या आयपीएल कारकिर्दीत मिळून त्याचे बळी २८, म्हणजे बाकीच्या मोसमांच्या वाट्याला १३ आले. राजस्थाननंतर तो गुजरात लायन्सकडे गेला, पुढे हैदराबादच्या संघात होता, पण २०१४ पुन्हा आलं नाही. याला मी अपयश म्हणणार नाही. एका मोसमात तो काय करू शकतो हे बघायचं असेल तर ५ मे २०१४ चा अहमदाबादचा सामना काढून बघावा. कोलकात्याला १७१ धावा हव्या होत्या आणि ते बिनबाद १२१ वर होते. शेन वॉटसनने एका षटकात तीन बळी घेतले आणि पुढचं षटक तांबेकडे आलं. पहिल्याच चेंडूवर मनीष पांडे यष्टिचीत, चेंडू वाइड. मग युसुफ पठाण तांबेच्याच हाती झेल देऊन गेला आणि रायन टेन डोशाटे पायचीत झाला. दोन वैध चेंडूंत हॅटट्रिक, कोलकाता ६ बाद १२३, आणि राजस्थान दहा धावांनी विजयी. नुकत्याच मैदानात आलेल्या फलंदाजांना आल्या आल्या लेगस्पिन खेळायला लावणं, यात कर्णधाराचाही वाटा आहे.

अशा गोलंदाजाच्या वाटेत नियमही येतात. २०१९ च्या डिसेंबरमध्ये कोलकात्याने तांबेला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी २० लाखांना घेतलं, पण तो परदेशात टी-टेन लीग खेळला असल्यामुळे बीसीसीआयने त्याला अपात्र ठरवलं. २०२० मध्ये तो त्रिनबागोकडून कॅरेबियन लीग खेळला, तिथे खेळणारा तो पहिला भारतीय. भारतात सक्रिय खेळाडूला परदेशी लीग बंद आहेत. तरुणाला याचं फारसं नुकसान नाही, उशिरा आलेल्याची मात्र उरलीसुरली वर्षं त्यात अडकतात. चाळिशीनंतरच्या खेळाडूंना या नियमातून सूट द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा निवाडा असा. टप्पा न सोडणारा, चेंडू हवेतून उतरवणारा आणि कुठल्या षटकांत उपयोगी पडेल हे ठरवता येणारा उशिरा आलेला लेगस्पिनर दोन मोसमांसाठी घ्यावा, पाच मोसमांची स्वप्नं त्याच्यावर बांधू नयेत. आणि क्लबांच्या कर्णधारांना एक विनंती. तुमच्या संघात असा कुणी असेल, कचेरीतून थेट मैदानावर येणारा, तर दोन षटकं देऊन त्याला बाजूला करू नका. चार सामने सलग, प्रत्येकी चार षटकं द्या, त्यातली दोन चांगल्या फलंदाजांना टाकायला लावा, आणि मग ठरवा.